बघूआजोबा कामाला लागले

सासऱ्यांनी गळका नळ दुरुस्त केला, त्याच दुपारी घरात डॉक्टरांना बोलवायचं ठरलं.

सासऱ्यांना सगळी गल्ली बघूआजोबा म्हणायची. कोणतंही काम सांगा, उत्तर एकच, "बघू." नळ त्यांच्या लग्नापासून गळत होता. त्या टपटपीशिवाय सासूबाईंना आता झोपही लागत नसे. आणि हा माणूस एकाएकी बाह्या सरसावून, वायसर बदलून मोकळा झाला होता. त्याआधी त्यांनी पडदे धुतले होते. माळा आवरला होता. इस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर सपाट केला होता. करकरणाऱ्या दारांना तेल घातलं होतं, त्यामुळे आता घरात कोण कधी येतं काही कळत नव्हतं.

"संपलं सगळं," सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या. "जायच्या आधी माणूस असंच आवरायला घेतो."

"अगं आई, बाबा समोरच बसलेत," मुलगा म्हणाला.

"म्हणून तर हळू बोलतेय."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ ठोकली, जीभ बघितली. "ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या.

"पण डॉक्टर, ते कामं करताहेत!" सून कळवळून म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला आणि टॉनिक लिहून दिलं.

सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता. सासऱ्यांवर तिची माया होती. तिने साधा हिशोब मांडला. जोवर घरात काम बाकी, तोवर बाबा कुठे जात नाहीत. तिने गुपचूप कपाटाच्या मुठीचे स्क्रू सैल केले. सासऱ्यांनी चहाच्या आधी ते आवळले. तिने खुर्चीचा पाय खिळखिळा केला. त्यांनी पाचर मारली. शेवटी नवराही मदतीला आला. त्याने चांगल्या भिंतीत भलामोठा खिळा ठोकला, ताटाएवढा गिलावा खाली आला, आणि नवराबायकोने एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. सासऱ्यांनी शीळ घालत भिंत लिंपली. रंगही जुळवला.

या धांदलीत सुनेच्या परीक्षेचं राहून चाललं होतं. तसं ते आधीपासूनच राहत होतं. ती एका बांधकामावर सामानाची नोंद ठेवायची, आणि नोंदीपेक्षा जास्त वेळ मान वर करून क्रेनकडे बघायची. मग ती क्रेन चालवायलाच शिकली. शिकवणारे म्हणायचे, हिच्या हाती भार झोके घेत नाही, झोपी जातो. आता फक्त परवान्याची परीक्षा उरली होती. शिडीने वर केबिनमध्ये चढायचं, पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप उचलायचं आणि खाली खडूने काढलेल्या गोलात ठेवायचं. पाणी सांडलं की नापास. तिला उंचीची भीती नव्हती. नापास व्हायची होती, आणि इतक्या उंचावर नापास झालं की ते लांबूनसुद्धा दिसतं. म्हणून ती दर वेळी म्हणायची, घरातलं जरा मार्गी लागू दे, पुढच्या तारखेला देते. आता पुढची तारीख नव्हती. आज गेली नाही, तर सगळं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

आणि आज सकाळी ती न्हाणीघरात पान्हा घेऊन नळाशी झटत होती.

"परीक्षा आहे ना गं आज?" दारातून सासऱ्यांनी विचारलं. दार करकरलंच नव्हतं.

"हा नळ पुन्हा गळतोय बाबा. एवढं करते आणि..."

"तो गळत नाहीये. तू गळवते आहेस."

तिच्या हातातला पान्हा फरशीवर पडला. "सगळी कामं संपवू नका हो," ती रडत म्हणाली. "थोडी राहू द्या. तुम्ही राहा."

सासरे पालथ्या बादलीवर बसले. आधी त्यांना काही उमगेना. मग उमगलं, आणि ते इतके हसले की सासूबाई आतून ओरडल्या, "बघा, आता वात झाला!"

"मी कुठे निघालोय?" डोळे पुसत ते म्हणाले. "हे बघ, टाळाटाळीत माझा हात कोणी धरणार नाही. उभा जन्म घातलाय मी त्यात. तू अजून कच्ची आहेस, लगेच ओळखू येतेस. पहिली तारीख पडद्यांपायी सोडलीस. दुसरी माळ्यापायी. मग इस्त्री, मग हा नळ."

"होतीच ना पण ती कामं!"

"होती. आता दाखव एखादं."

तिने न्हाणीघरात पाहिलं. स्वयंपाकघरात पाहिलं. खिडकीतून वाळत घातलेल्या कपड्यांकडेही आशेने पाहिलं, पण दोरी रिकामी होती. घड्या घालून झाल्या होत्या.

"माझे बूट कुठे पडलेत कोण जाणे," ती पुटपुटली. "ते शोधण्यातच वेळ..."

बूट उंबऱ्यापाशी होते. पुसलेले, नाड्या सैल केलेले, टोकं बाहेरच्या बाजूला.

तिने ते पायात चढवले. नाड्यांची पक्की गाठ मारली. दारातून तिने मागे वळून पाहिलं. "बाबा, इतकी कामं! तुम्ही किती बदललात हो."

"छे गं," सासरे म्हणाले. "कामाची हौस कोणाला आहे! मी फक्त तुझ्या लपायच्या जागा बुजवत होतो."