पारंपरिक पोशाख

या वस्तीत कोण कुठल्या वंशाचा, हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. नदीकाठचे उजळ आणि आधीपासूनचे. खाणीवर आलेले काळेसावळे आणि नंतरचे. आणि एक घड्याळजी.

घड्याळजीचा जन्म इथलाच, त्याच्या वडिलांचाही. आजोबा तेवढे बाहेरून आले होते. नेमके कुठून, ते आजोबांनाही धड सांगता येत नसे. पण नाक त्यांचं होतं, आणि ते तीन पिढ्या टिकलं.

"अहो घड्याळवाले, अजून तयार नाही?" वस्तीचा सेक्रेटरी दारातूनच ओरडला.

तऱ्हेतऱ्हेच्या वंशांची माणसं जिथे गुण्यागोविंदाने नांदतात, अशा वस्तीला सलोख्याचा पुरस्कार द्यायचा होता आणि तो देणाऱ्या बाई आज पाहणीला यायच्या होत्या. दोन वंश तर कुठेही असतात. तिसरा दाखवला की पुरस्कार खिशात, असा सेक्रेटरीचा हिशेब होता.

घड्याळजी जिन्याखाली बसून कुणाच्या तरी मनगटी घड्याळातला केस चिमट्याने काढत होता. जिन्याखालची ती बोळकांडी हेच त्याचं दुकान. मान सरळ केली की डोकं पायरीला लागे. त्या सवयीने तो रस्त्यावरही वाकूनच चाले.

"तयारच आहे," तो म्हणाला. "शर्ट इस्त्रीचा आहे."

"शर्ट काय घेऊन बसलात! शर्ट मीही घातलाय. तुमचा पारंपरिक पोशाख कुठाय?"

"हाच. आजोबाही शर्टच घालायचे."

सेक्रेटरीने कपाळाला हात लावला. "कसली हो तुमची जमात! एक धड पोशाख नाही." त्याने काखेतलं गाठोडं सोडलं. शाळेच्या नाटकातल्या दुष्ट राजाचा झगा निघाला. जांभळा, काठांना जर, छातीवरची बटणं गायब. "हा चढवा. वहिनी, जरा बटणं लावून देता का?"

वहिनी, म्हणजे घड्याळजीची बायको, सुईदोरा घेऊन आली. "लावते की. पण चौकातल्या गाळ्याचं काय ते आधी सांगा, भाऊजी."

चौकातला गाळा कित्येक वर्षं रिकामा होता. शटर गंजलं होतं. घड्याळजी दर वर्षी अर्ज करी आणि दर वर्षी एकच उत्तर येई.

"नियम आहे ना, वहिनी. आधी इथल्या माणसांना."

"मग मी कुठला?" घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं.

"तुम्ही आपलेच हो! पण आपले वेगळे आणि इथले वेगळे."

"मागे फोटोला उभा राहिलो, तेव्हा म्हणालात, बघू. त्याच्या आधी पाहुण्यांपुढे आमच्या जमातीचं गाणं म्हणायला लावलंत. मला कुठलं येतंय? शाळेतली कविता शेवटाकडून म्हटली."

"टाळ्या काय पडल्या होत्या पण!"

"आता पुरे. गाळ्याचं नक्की करा, मग म्हणाल त्या वंशाचा होतो. तोवर हा झगा मी अंगाला लावायचा नाही."

"बटणं कुठे येतात ते तरी बघू द्या," बायको वैतागून म्हणाली. "हे नाही तर तुम्ही घाला, भाऊजी. घाला हो, वेळ जातोय."

सेक्रेटरीने झगा चढवला. तिने वरचं बटण लावलं, खालच्याला सुई घातली, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोरा तोडेपर्यंत पुरस्काराच्या बाई दारात उभ्या. त्यांच्या मागे वस्तीचे अध्यक्ष.

बाई झग्याकडे बघतच राहिल्या. "वा! किती जपलंय तुम्ही सगळं!"

अध्यक्षांनी तोंड उघडलं. सेक्रेटरीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"जपावं लागतं, बाई," सेक्रेटरी म्हणाला.

"मी तर नाकावरूनच ओळखलं. आणि हे कोण?"

"हे ना? हे इथलेच."

घड्याळजीचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला. तीन पिढ्यांत 'इथलेच' असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. तो झटकन उठला, डोकं पायरीवर आपटलं, पण ते चोळायलाही तो थांबला नाही. "ऐकलंत ना अध्यक्षसाहेब? इथला! मग आता गाळा..."

"कसला गाळा?" बाईंनी विचारलं.

"चौकातला," बायको म्हणाली. "बाहेरच्यांना देत नाहीत."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सेक्रेटरीचा जांभळा हात हातात घेतला. "आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

सेक्रेटरीने मान खाली घातली.

"अध्यक्षसाहेब," बाई म्हणाल्या, "तो गाळा बाहेरून आलेल्यांसाठी राखीव करा. आणि आधी यांना द्या. पुरस्काराचं मग बोलू."

"अहो बाई, पण..." घड्याळजी म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका," बाईंनी त्याला दटावलं. "तुम्हा इथल्या लोकांनी आजवर पुष्कळ बोलून घेतलंय."

वस्तीला पुरस्कार मिळाला. झगा शाळेत परत गेला. गंजलेलं शटर तेलपाणी करून वर गेलं आणि सेक्रेटरीने तिथे भांड्यांचं दुकान टाकलं.

घड्याळजीने यंदाही अर्ज केला. उत्तर लगेच आलं. गाळा बाहेरच्यांसाठी आहे.