बारा पुडिंगं

अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या माणसाला माफी मागावी लागत नाही. त्याचं येणंच सगळं बोलून जातं. न्यूझीलंडहून निघताना क्लाइव्हची अशी पक्की समजूत होती. इंग्लंडात हॅलिफॅक्सला बहिणीकडे, डोरीनकडे, येऊन तेरा दिवस झाले, तरी त्याचं येणं काही बोललं नव्हतं. तो स्वतःही हवामानापलीकडे गेला नव्हता.

उद्या सकाळचं विमान होतं. उरला हा रविवार, आणि रविवारचं जेवण.

भाजलेलं बीफ ओट्यावर झाकून ठेवलं होतं. पलीकडच्या खोलीत डोरीनचा नवरा स्टॅन सुरीला धार लावत होता; स्वयंपाकातलं एवढं एकच काम त्याच्याकडे होतं. ओव्हनमध्ये बारा यॉर्कशर पुडिंगं फुगत होती. अंडं, दूध आणि मैद्याचं साधं पातळ पीठ, पण तापल्या चरबीत पडलं की वाटीसारखं उभं राहतं. अट एकच, मधे दार उघडायचं नाही. इथल्या पोरांना हे चालायच्या आधी कळतं.

"नुसता उभा काय राहिलास, राजा," डोरीन म्हणाली. "बस तरी, नाहीतर बाजूला तरी हो."

"डोरीन, मला आईबद्दल बोलायचं होतं."

डोरीन ग्रेव्ही ढवळत होती. ढवळतच राहिली. "बोल की."

सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस आहेत, निघणं जमत नाही, असं क्लाइव्हनं कळवलं होतं. कातरायला माणसं होती. क्लाइव्ह नुसता बघायला होता. फुलं मात्र भरपूर पाठवली होती.

वाक्य ओठांवर आलं. हात मोकळे होते, त्यांना काहीतरी करायचं होतं.

"झाली का बघतो," तो म्हणाला आणि त्यानं ओव्हनचं दार उघडलं.

गार हवा आत शिरली. चर्चमध्ये पाद्री 'बसा' म्हणाला की माणसं बसतात, तशी बाराही पुडिंगं खाली बसली.

"चुकलं माझं." क्लाइव्हचा आवाज चिरकला. "फार चुकलं, डोरीन."

डोरीनचा चमचा थांबला. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कशाबद्दल म्हणतोयस?"

एवढ्यात सुरी घेऊन स्टॅन दारात आला. "काय झालं गं?"

क्लाइव्हनं बहिणीकडे पाहिलं. मग सुरीकडे. मग ओव्हनकडे.

"पुडिंगांबद्दल," तो म्हणाला.

"ओव्हन उघडलास?" स्टॅन ओरडला. "साठीचा घोडा झालास की रे! सासूबाई असत्या ना, तर पळीनं फोडून काढला असता तुला."

"असती तर," डोरीन म्हणाली आणि पुन्हा ग्रेव्हीकडे वळली.

एक वाजता सगळे जेवायला बसले. घरच्या रिवाजाप्रमाणे आधी पुडिंग, मग मांस. डोरीननं त्यातल्या त्यात उंच दोन निवडून भावाच्या ताटात वाढली आणि वर ग्रेव्ही ओतली.

"छान झालीत," क्लाइव्ह म्हणाला.

बसलेल्या पुडिंगात ग्रेव्ही राहत नाही. ती ताटभर पसरते.