चौघांची जीप

श्रीकांतने आफ्रिकेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा अलकाने गवारीचं ताट उचलून मांडीवर घेतलं. रविवारची सकाळ होती. नल्लकुंट्याच्या त्या फ्लॅटमध्ये आता मोठ्याने बोलायला हरकत नव्हती. चार वर्षं आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या तिच्या सासूबाई दिवाळीनंतर गेल्या होत्या.

"पहले बेगमपेट से बंबई, बंबई से जोहान्सबर्ग," ट्रॅव्हल एजन्सीतला श्रीकांत पेनाचं टोक नकाशावरून फिरवत म्हणाला. "वहाँ से नामिबिया. एक हफ्ता रेगिस्तान, उसके बाद एक हफ्ता जंगल. शेर, हाथी, जिराफ, सब दिखते."

अविनाशने बायकोकडे पाहिलं. हायटेक सिटीतल्या नोकरीत त्याने सलग पंधरा दिवसांची रजा कधीच घेतली नव्हती. आईच्या आजारपणातही नाही. ही त्याने भांडून मिळवली होती.

"कसं वाटतंय?"

"छान आहे," शेंगेची शीर ओढत अलका म्हणाली.

"नुसतं छान? अगं, तुझ्यासाठी चाललंय हे सगळं. चार वर्षं घराबाहेर पडली नाहीस तू."

तिने मान हलवली. अलीकडे लोकांचं बोलणं तिला ऐकू यायचं, पण आत पोचायला वेळ लागायचा. रात्री अजूनही तिला मधूनमधून जाग यायची. आतल्या खोलीच्या दारापर्यंत जायची, आणि कूस बदलून द्यायला तिथे कोणी नाही हे लक्षात आल्यावर परत फिरायची.

"सुबह अंधेरे में उठना मॅडम," श्रीकांत सांगत होता. "सूरज निकलने के पहले रेत के पहाड पे चढना."

"रोज?"

"रोज. जंगल में भी. शेर सुबह-सुबह इच दिखते."

अलकाने आणखी एक शेंग उचलली. मग विचारलं, "वहाँ फोन लगता?"

"रेगिस्तान में? नहीं लगता. फोन नहीं, टीवी नहीं, बस्ती नहीं. खाली रेत."

तिचे हात थांबले. ती पुढे झुकून नकाशावरचा समुद्राकाठचा पिवळा पट्टा बघू लागली. "कुछ भी नहीं?"

"कुछ भी नहीं मॅडम. आवाज भी नहीं रहता."

"अहो, मग आपण तिथेच थांबूया ना," ती अविनाशला म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती आपणहून काही मागत होती. "दोन्ही आठवडे. जंगल नको."

अविनाश हसला. "इतक्या लांब जाऊन सिंह न बघता परत यायचं? वेडी आहेस का!"

"जंगल तो देखना मॅडम," श्रीकांतनेही री ओढली. "इसलिए तो बडी जीप ली मैं. चारों को खिडकी मिलती."

"चारों?"

अविनाशने घसा साफ केला. "दादा-वहिनी येतायत. आज सांगणारच होतो तुला. दादा फोनवर म्हणाला, आई गेल्यापासून कशातच मन लागत नाही. मला नाही म्हणवेना गं."

अलकाने पुन्हा शेंग हातात घेतली. आई आजारी असताना दादा पुण्याहून यायचे ते परतीचं तिकीट काढूनच. वैशालीवहिनी नाकाला रुमाल लावून आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अलका, तुझी मात्र कमाल आहे हं."

तिच्या गप्प बसण्याने अविनाशला जरा हायसं वाटलं. तो श्रीकांतकडे वळला. "वो किचनवाले कॅम्प मिले ना?"

"हौ साब. सब जगह किचन है. गॅस, बर्तन, सब देते."

"वहिनींना बाहेरचं चालत नाही, अल्सर आहे ना त्यांना," अविनाशने अलकाला समजावलं. "वरणभात, मुगाची खिचडी, असलंच काहीतरी. तुला काय, अर्ध्या तासात होतं तुझं."

हे तो कौतुकानेच म्हणाला होता. अलका त्याच्याकडे बघत राहिली. राग यायला हवा, असं तिला वाटलं. पण रागाला लागतो तेवढा जोर कुठून आणायचा, ते कळेना. तिने ताट नकाशावर ठेवलं आणि उठली.

"श्रीकांत, तीन टिकट काटो."

"मॅडम?"

"तीन लोगां जाते. मैं नक्को."

"अलका, हे काय?" अविनाश अर्धवट उभा राहिला. "तुझ्याशिवाय काय अर्थ आहे? तुझ्यासाठीच ठरवतोय ना मी सगळं?"

"मग माझ्यासाठी जाऊन या."

बोलण्यात टोमणा नव्हता. बाजारात निघालेल्या माणसाला कोथिंबीर आणायला सांगावी, तशी ती म्हणाली आणि झोपायच्या खोलीत निघून गेली.

श्रीकांतने नकाशावरचं ताट बाजूला सरकवलं. "साब, चौथा नाम अभी खाली रखूँ?"

"ठैरो जरा. मैं समझाता."

चार-दोन वाक्यं मनात जुळवत अविनाश तिच्यामागे गेला. दादाला सांगता येईल काहीतरी. वहिनींच्या जेवणाचंही बघता येईल. दार उघडंच होतं.

अलका पलंगावर आडवी झाली होती आणि तेवढ्यात तिला झोपही लागली होती. पाय वर घ्यायचेही राहिले होते. ते तसेच कडेवरून खाली लोंबत होते. तोंड थोडं उघडं होतं. दिवसाउजेडी तिला झोपलेली त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पाय उचलून वर ठेवावेत म्हणून तो वाकला. ती जागी होईल असं वाटून त्याने हात मागे घेतला.

बाहेर श्रीकांत कुणाशी तरी मोबाइलवर तेलुगूत बोलत होता. अविनाशने ओठांवर बोट ठेवलं, खुणेनेच त्याला नकाशा गुंडाळायला लावला आणि जिन्याकडे हात केला. मग फ्लॅटचं दार न वाजवता ओढून घेतलं, आणि चपला हातात धरून तो अनवाणीच जिना उतरू लागला.