बावन्न किलो

"साडेचार किलो जास्त होतंय. नाही बसवता येणार," वैमानिकानं तिसऱ्यांदा सांगितलं आणि वजनाचा तक्ता टेबलावर आपटला.

समोरच्या मुलीनं पायातले बूट आधीच काढले होते. मग घड्याळ काढलं, मग पाण्याची बाटली, मग जेवणाचा डबा. सगळं पत्र्याच्या शेडमधल्या बाकावर मांडून झालं होतं. हातात फक्त प्रमाणपत्रांची फाइल उरली होती. अकरा वाजता शहरात तिची मुलाखत होती आणि पुढच्या महिन्यात तिचं वय नोकरीच्या अटीबाहेर जाणार होतं. पहाटेची बस आज आलीच नव्हती. पुढची बस, पूल खचल्यापासून, वळसा घालून दुपारी पोचायची. असल्याच अडल्यानडल्यांसाठी हे चार सीटचं विमान सुरू झालं होतं. एक चालवणारा, तीन बसणारे.

"अहो, साडेचार किलोनं काय होतंय?" ठेकेदार खुर्चीतूनच म्हणाला. तो स्वतः अठ्ठ्याण्णव किलोचा होता. त्याची जागा आठ दिवस आधीपासून ठरलेली होती आणि ती सोडायचा त्याचा काही विचार दिसत नव्हता. "बसमध्ये माणसं लोंबकळत जातात. तिथं कोण वजन विचारतं?"

"बस उडत नाही," वैमानिक म्हणाला. "धावपट्टी आखूड, पुढं विजेच्या तारा, त्यात ऊन हे असं. पेट्रोल कमी करता येत नाही. मी कुठून कमी करू साडेचार किलो?"

त्याचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. तीन महिन्यांपासून टूलबॉक्समधून एकेक पाना गायब होत होता. आधी लहान, मग मोठे, आणि आज तर हातोडीच नाही. त्यानं मेकॅनिकला सगळ्यांदेखत झापलं होतं. मेकॅनिक बिचारा आधी शपथा घेत राहिला, मग फडकं घेऊन विमानाच्या काचा पुसायला निघून गेला.

"दादा, फाइलही ठेवते," मुलगी म्हणाली. "तोंडीच सांगेन सगळं."

"फाइल अर्धा किलोसुद्धा नाही हो ताई," तो खेकसला, आणि खेकसल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.

"मी राहते मागे," कोपऱ्यातून त्याची आई म्हणाली. "माझ्या जागेवर तिला ने."

"तुझं काही बोलू नकोस. एकही मंगळवार चुकवायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. विषय संपला."

आईवर तो असा चिडायचा, पण तक्त्यातल्या तिच्या आकड्याकडे बघितलं की त्याला जरा बरं वाटायचं. दर मंगळवारी तो तिला उपचारांसाठी शहरात न्यायचा. पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन टिकलं तर समजा औषध लागू पडतंय. त्यानंतर त्याला दवाखान्यात जायला जमलंच नाही. आईला गाडीत बसवून दिलं की त्याला लगेच परतीची फेरी असायची. काय म्हणाल्या बाई, असं विचारलं की आई "बरं आहे म्हणतात" एवढंच सांगायची. तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं नाही, पण उड्डाणाआधीचा वजनकाटा होता ना. तेरा मंगळवार झाले होते, आणि तेराही वेळा बावन्न किलो.

मुलगी बाकावर बसून बूट घालायला लागली. नाडीची गाठ काही बसेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. मग तिनं नाडी तशीच सोडली आणि फाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. ठेकेदार खिडकीबाहेर बघू लागला.

आई उठली. भर उन्हातही तिच्या अंगात तो गुडघ्यापर्यंतचा जाड कोट होता. वर गार असतं रे, असं ती नेहमी म्हणायची. ती मुलीपाशी आली आणि तिनं कोटाची बटणं काढली. आतल्या अस्तराला तिनं खिसे शिवले होते, एकाखाली एक. पहिल्या खिशातून तिनं एक पाना काढला आणि डब्याशेजारी ठेवला. मग दुसरा काढला. मग तिसरा. शेवटी हातोडी निघाली. मेकॅनिक फडकं घेऊन दारात आला होता, तो तिथंच थांबला.

"अगं, हे काय?" वैमानिक म्हणाला.

"तुझं लक्ष विमानात राहावं म्हणून," आई म्हणाली. "रागावू नकोस. आता परत बघ माझं वजन. बसेल ना ती?"

ती काट्यावर चढली. कोट अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. काटा हलला आणि शेहेचाळीसवर थांबला.

सकाळपासून तो सगळ्यांवर चिडत आला होता. आता कुणावर चिडायचं ते त्याला कळेना. त्यानं बाकावरचा सगळ्यांत लहान पाना उचलला. तो दुसऱ्याच मंगळवारी हरवला होता, त्याला चांगलं आठवत होतं. त्यानं तो मेकॅनिकच्या हातात दिला. 

मग तो टेबलाशी गेला. तक्त्यातलं बावन्न खोडलं, बेरीज पुन्हा केली, पुन्हा तपासली.

"चला ताई," तो मान खाली घालूनच म्हणाला. "दीड किलो उरतंय. डबाही घ्या."