एकच खोली

बालाटॉन तळ्यावर सुट्टीला जायचं ठरलं, तेव्हाच इल्दिकोने मनाशी पक्कं केलं होतं, सासू सोबत नको.

"तिथल्या घरात खोली एकच आहे, आई. तुम्ही बाळाजवळ झोपा, ते तीनदा उठतं. आणि थोरलीला पाण्यावर तुम्हीच न्या," ती गोड हसून म्हणाली.

"मोलकरीण समजलीस का मला? जा तुमचे तुम्ही!" सासूबाईंनी दार आपटलं.

इल्दिकोने निवांतपणे तीन खोल्यांचं घर ठरवलं.

शनिवारी ते तळ्याकाठी पोचले, तर शेजारच्या ओसरीवर सासूबाई चेरीच्या बिया काढत बसलेल्या.

"ये गं! तुझ्या तिन्ही खोल्या हवेशीर आहेत हो. मी हे शेजारचं घेतलंय, महिनाभर."

इल्दिको संतापून नवऱ्याकडे वळली.



तो डिकीत डोकं खुपसून बाळाचं दुपटं शोधत होता.