दोरीवरची हिरवी साडी

दौंडला भीमेकाठी सोजराबाईंची वरची खोली फक्त फॅमिलीलाच मिळते. पाबळच्या मल्हारीनं ठोकून दिलं, "बायकोला कुरकुंभला रातपाळी असते, दिवसभर झोपते." सहा महिन्यांत ती कुणाला दिसली नाही, दर रविवारी गच्चीत तिची हिरवी साडी मात्र इमानानं वाळत असायची.

आज सोजराबाई स्वतः गच्चीत आल्या. खोली गेली, हे मल्हारीनं ओळखलं.

"मावशी, ती आत्ताच…"

"पाबळला माझी बहीण दिलीय. तुझ्या बायकोच्या दहाव्याला गेली हुती ती." त्यांनी साडी काढली, घडी घालून त्याच्या हातात दिली. "ऱ्हा निवांत. पर ही सारखी धूत जाऊ नको रं. ह्यांचा सदरा मी एकदाच धुतला, आन् वासबी गेला ह्यांचा."