समुद्रातलं झाड

लहानपणी नाथाजी कुठनंही रोप उपटून आणायचा आणि त्याची आई राहीबाई ते न्हाणीपाशी लावायची. पलटणीबरोबर सिंगापूरला गेल्यावर त्यानं रजेवरच्या सोबत्यासंगं समुद्रातलं जांभळं, जाळीदार झाड धाडलं, तेही तिनं तिथंच रोवलं. पुढं तो लढाईत हरवल्याची तार आली. लढाई संपली, तरी ती रोज त्या झाडाला पाणी घालत राहिली. पाचव्या वर्षी झाड उपटून थोरल्या लेकाबरोबर गुळाच्या गाडीतून ती सांगलीला कॉलेजातल्या मास्तरांकडं गेली. “ह्याला पालवी कवा फुटंल वो?” मास्तरांनी भिंग लावलं. “आजी, हे झाड नव्हे, पोवळ्याच्या जातीतला प्राणी आहे. एकेका भोकात जीव होता. आता सांगाडा उरलाय.” “म्हंजी हाडं?” “तसंच म्हणा.” राहीबाईनं ते धडप्यात बांधून छातीशी धरलं. लेकाला म्हणाली, “गाडी घाटाकडं घे रं. नाथाजीला कृष्णामाईत सोडून जाऊ.”